अंगठा थांबला तिथे

या, पुढच्या बाकावर या. मागे पंख्यांच्या घरघरीत माझा आवाज पोचायचा नाही, आणि ही गोष्ट मोठ्याने सांगण्याजोगी नाही. जवळ बसलात तर सगळी सांगेन. आर्नेटा बोलेनची गोष्ट आहे. तुम्ही तिला पाहिलं आहे. डावीकडच्या खिडकीशी बसते, आणि प्रवचन बोलण्यातून सुरात शिरलं की चष्मा काढून मांडीवर ठेवते. आजारपणाची माहिती साध्या माणसाला कळेल अशी वेबसाइटवर मांडायची, हे तिचं काम. ही गोष्ट तिने मला तुकड्यातुकड्याने सांगितली, कधी स्वयंपाकघरात हिरव्या पाल्याच्या शिरा काढताना, कधी गाडीत सिग्नलला थांबल्यावर. आणि मी ती मनात इतकी घोळवली आहे की त्यातलं तिचं कुठलं आणि माझं कुठलं, ते आता मला वेगळं करता येणार नाही.

त्या बुधवारी संध्याकाळी आपल्या चर्चचे प्रवचनकार, एल्डर थिग्पेन, बोलता बोलता थांबले. झालं ते एवढंच. मेम्फिसचा ऑगस्ट, बाहेर अजून उजेड, बायकांच्या हातात अंत्यविधीवाल्यांची जाहिरात छापलेले पुठ्ठ्याचे पंखे. एल्डर आपल्या वडिलांविषयी सांगत होते. नदी फुगली की वडील बांधावर पहाऱ्याला जायचे, आणि बांध ओला दिसला की खालच्या वस्तीतली दारं ठोठावत सुटायचे. झोपेतून उठलेली माणसं शिव्या द्यायची. पुष्कळदा पाणी यायचंच नाही, मग दुसऱ्या दिवशी टिंगल व्हायची. "पाणी चढताना आवाज करत नाही," एल्डर म्हणाले, आणि थांबले. रुमालाने मान पुसली, रुमालाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. कुणी उठलं नाही. कुणी पर्स उचलली नाही. मागून मदर पर्नेल, आमच्यातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या बाई, हळूच म्हणाल्या, सावकाश, एल्डर, होऊ दे सावकाश. आर्नेटाही हलली नव्हती, आणि आपण का हललो नाही असं तिच्या मनात आलं, जे आयुष्यभरात कधी आलं नव्हतं. तेव्हा तिला तो सूर ऐकू आला. ब्रदर लेमुएलने ऑर्गनवरून बोट उचललेलंच नव्हतं. एकच खालचा सूर, तळघरातल्या उजेडासारखा, शांततेच्या खालून चालू होता. तो होता म्हणून सगळ्यांना ठाऊक होतं की संपलेलं नाही. खरं सांगायचं ते पुढेच आहे. आणि आर्नेटाला जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं वाटावं आणि नसावी तसं झालं. तिच्या वेबसाइटच्या नव्या पानावर अशीच शांतता होती. तिनेच ठेवली होती ती. पण त्या शांततेखाली काहीही वाजत नव्हतं.

दुपारीच तिने त्या शांततेचं कौतुक ऐकलं होतं. वाचनालयाच्या मागच्या खोलीत नव्या पानांची चाचणी होती. एका खोलीत कॉर्बिन, मऊ आवाजाचा तरुण सहकारी, आणि त्याच्यासमोर बोलावून आणलेली एकेक आई. शेजारच्या खोलीत आर्नेटा, पडद्यासमोर. आईच्या हातात फोन, फोनवर पान, आणि वर टांगलेला कॅमेरा तिच्या हातांवर रोखलेला. आर्नेटा फक्त अंगठा बघायची. अंगठा कुठे सरसर चालतो, कुठे अडतो, कुठे मागे फिरतो, यावरून तिला पानाचं सगळं कळायचं. पडद्याच्या कोपऱ्यात एका लहान चौकटीत वाचणारीचा चेहराही दिसे, पण त्या चौकटीवर ती नेहमी पिवळा चिकट कागद लावून ठेवी. नवीन लागलेल्यांनाही तिने तेच शिकवलं होतं. चेहरा दिसला की माणूस मध्ये येतो, मग आपण त्याला सांभाळून घेतो, आणि पानाचे दोष पानावरच राहतात. आत येणाऱ्या प्रत्येकीला कॉर्बिन सुरुवातीलाच सांगायचा की आम्ही परीक्षा तुमची घेत नाही, पानाची घेतो. नावं आर्नेटाला कधी कळत नसत. आयांना गोळा करून आणायचं काम मिस ओफीलियांचं, नावं त्यांच्याकडे. इथे नुसता क्रमांक. शेवटी आलेली पाचवी होती.

पाचवीचा अंगठा आर्नेटाला अजून स्वच्छ दिसतो. नखावर पोवळ्याच्या रंगाचं पॉलिश, अर्धं उडालेलं. बोटं भरलेली, जरा जास्तच भरलेली, आणि अंगठी करंगळीत. अंगठीच्या नेहमीच्या बोटावर तिचा जुना वळ. हे आर्नेटाने दुपारीच पाहिलं होतं, पाहिलं म्हणजे डोळ्यांवरून गेलं होतं, आणि आता, एल्डर पुन्हा बोलू लागले होते तेव्हा, तो वळ परत आला आणि हटेना. कॉर्बिनने ठरलेलं वाक्य म्हटलं होतं: समजा, तुम्ही नुकत्याच बाळंत झाला आहात आणि दोन दिवस डोकं दुखतंय. तर हे पान वाचून तुम्ही काय कराल?

"समजायचं काय त्यात," पाचवी म्हणाली होती, आणि हसली होती.

कॉर्बिनही हसला होता. पलीकडच्या खोलीत आर्नेटाही हसली होती, कारण बोलावलेल्या सगळ्याच अलीकडे बाळंत झालेल्या, त्यांना वेगळं समजायला काय लागतं; बोलण्यात गंमत आहे पोरीच्या, असंच दोघांना वाटलं. मग अंगठा चालू लागला. सावकाश, एकसारखा, कुठे अडखळ नाही. बाळंतपणानंतर डोकं दुखणं पुष्कळ जणींना होतं. विश्रांती घ्या. पाणी भरपूर प्या. बाळ झोपलं की तुम्हीही झोपा. त्याखाली चित्र, पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, निजलेली आई आणि तिच्या दंडावर निजलेलं बाळ, फिकट निळ्या चादरीत. आणि चित्राखाली भरपूर मोकळी पांढरी जागा. अंगठा तिथे थांबला. मधूनमधून तो हात चौकटीतून वर निघून जायचा, पडद्यावर नुसता फोन आणि टेबल उरायचं, आणि थोड्या वेळाने हात परत यायचा. आर्नेटाने टिपून ठेवलं होतं: विचार करताना हात उचलते. कुठे जात होता तो हात? पिवळ्या कागदाच्या मागे जात होता. कपाळाकडे जात होता.

कॉर्बिनने विचारलं होतं की वाचून कसं वाटलं. पाचवी म्हणाली, हलकं वाटलं, कुणी पाठीवरून हात फिरवावा तसं. आता घरी जाते आणि मावशीकडे बाळ देऊन झोपते. तिला निरोप देऊन आल्यावर कॉर्बिन दारातून डोकावून म्हणाला होता, "काय समरस होऊन केलं तिने. अशाच मिळाल्या पाहिजेत." आणि आर्नेटाने मान डोलावली होती. हलकं वाटलं, हे शब्द तिने निळ्या पेनाने लिहून घेतले होते. कित्येक महिने ती याच शब्दांची वाट बघत होती. खरं म्हणजे आईच्या वेळेपासून.

तिची आई. बाकावर बसल्या बसल्या आई डोळ्यांपुढे आली, नेहमीसारखी हातात कपडा घेऊन ओटा पुसत. आईला साखर होती. दवाखान्यातून पत्रकं मिळायची, पाय कापावा लागेल, डोळे जातील, सगळं लाल ठळक अक्षरांत. आणि आई ती पत्रकं पालथी घालून साखरदाणीखाली ठेवायची. माझ्या घरात मला कुणी ओरडलेलं चालायचं नाही, म्हणायची. पुढे डोळे गेलेच. मग ती म्हणायची की आता कितीही लाल छापू देत. आर्नेटाला त्यावर हसावं लागायचं. त्या साखरदाणीतून तिचं सगळं काम निघालं, असं म्हटलं तरी चालेल. ओरडायचं नाही. माणूस घाबरला की पान मिटतो, आणि मिटलेल्या पानातलं शहाणपण कुणाच्या उपयोगाचं. डॉक्टर सोवांदे, पानांतला मजकूर तपासणाऱ्या बाई, प्रत्येक बैठकीत लाल रंग मागायच्या. बाळंतपणानंतर रक्तदाब चढतो तेव्हा तो वाट बघत बसत नाही, त्या म्हणायच्या. डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे ठिणग्या येतात, हातपाय, तोंड सुजतं, आणि त्या बाईला त्याच घटकेला दवाखान्यात न्यावं लागतं. हे सगळं पानात आहे, आर्नेटा म्हणायची, एक अक्षर गाळलेलं नाही. फक्त आधी तिचा जीव शांत करायचा, तिला बसवायचं, आणि मग सांगायचं. आपले एल्डर सांगतात तसं, हे ती मनात म्हणायची. डॉक्टरबाई एकदा चिडून म्हणाल्या होत्या की तुमची पानं म्हणजे अंगाई आहे. ते तिला स्तुतीसारखं लागलं होतं.

आणि ते सगळं होतंच पानात, एक अक्षर न गाळता. त्या चित्राखाली, त्या पांढऱ्या जागेच्या खाली. अंगठा थांबला होता त्याच्या खाली.

एल्डरांचा आवाज चढू लागला होता. वाक्यांचे शेवट लांबायला लागले होते, प्रत्येक शेवटाला ऑर्गन उत्तर देत होता, पुढच्या बाकावरचा म्हातारा डीकन, चर्चचा जुना सेवक, पाय आपटत होता. या क्षणासाठी ती आठवडाभर जगायची. पण आज ते सूर तिच्यापर्यंत येऊन मागे फिरत होते. ती दुपारची एकेक गोष्ट हातात घेऊन उलटसुलट करत होती. उकाडा आहे, उकाड्यात कुणाचेही हात सुजतात. माझ्याच चपला संध्याकाळी घट्ट होतात. करंगळीत अंगठी घालायची पद्धत असेल. कॉर्बिनसमोर बसलेल्या बाईला काही होत असतं तर त्याला दिसलं नसतं का? त्याच्यासमोर तर चेहरा होता. पण तो चेहऱ्याला पुढचा प्रश्न विचारत होता. आणि मला दिसत होते ते हात, आणि मी त्यांच्यात फक्त अंगठा बघत होते. समजायचं काय त्यात. ती हसली होती ना? माणसं हसतात. आईही हसायची. तिने पंखा उचलला आणि खाली ठेवला. शेजारणीने पेपरमिंटची गोळी पुढे केली, ती तिने घेतली आणि मुठीत तशीच धरून ठेवली. आता ती झोपली असेल. आपण सांगितलं तशी, तंतोतंत. इतकी आज्ञाधारक वाचक आजवर मिळाली नव्हती. दार ठोठावणाऱ्याला शिव्या खाव्या लागल्या, बांधावर, एल्डर आता गात होते, खाव्या लागल्या, पण तो चालतच राहिला. आणि सगळं चर्च उभं राहिलं, आणि उभ्या राहिलेल्या माणसांमधून आर्नेटा वाट काढत दाराकडे निघाली. मदर पर्नेलना वाटलं की तिच्यात काही संचारलं आहे, त्यांनी तिला वाट करून दिली.

चर्चबाहेरच्या पायऱ्या अजून उन्हाने तापलेल्या होत्या. झाडांतले किडे एका सुरात किर्र करत होते. मिस ओफीलियांचा फोन लागला तेव्हा त्यांच्याकडे भांड्यांचा आवाज होता. आर्नेटाने सांगितलं, नीट सांगता आलं नाही, अंगठी आधी सांगितली आणि डोकं नंतर. मिस ओफीलियांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग आपल्या त्या ठरलेल्या गोड आवाजात म्हणाल्या की नाव-नंबर मिळायचा नाही. त्यांच्या सख्ख्या बहिणीने स्वतःच्या नवऱ्याचा नवा नंबर मागितला होता, तोसुद्धा त्यांनी दिला नव्हता. लोक आपल्याकडे येतात ते याच भरवशावर.

"नंबर नको मला, मिस ओफीलिया. तुम्ही करा फोन."

"आणि सांगू काय, बाळा? आपण काही डॉक्टर नाही. काही सल्ला द्यायचा नाही म्हणून सह्या केल्यात आपण, तू आणि मी दोघींनी."

"सल्ला देऊन झालाय," आर्नेटा म्हणाली. "तिने तो ऐकला. ती झोपायला गेलीय."

भांड्यांचा आवाज थांबला. मग मिस ओफीलियांनी विचारलं की हे खोटं निघालं तर, उगाच त्या पोरीचा जीव घाबरा केला तर? आणि खरं निघालं तर, आर्नेटा, तर मग तुझ्या त्या पानाचं काय, ज्याच्यासाठी तू वर्षभर धड जेवली नाहीस? पाठीमागच्या उघड्या दारातून ऑर्गन येत होता. "तिला सांगा, पान अर्धंच वाचलं गेलंय," आर्नेटा म्हणाली. "सांगा, अर्धं दाखवून आम्ही तिला घरी पाठवलं. चूक तिची नाही, आमची. काय वाटेल ते सांगा, पण उठवा तिला."

मग वाट बघणं. तिला प्रार्थना करायची होती, आणि शब्दच येत नव्हते. जिला मागायचं तिचं नाव नाही, चेहरा नाही. पिवळा कागद लावलेल्या माणसासाठी देवाला कसं विनवायचं? तिने फोनवर तेच पान काढलं. तिथेच पायऱ्यांवर बसून, आपल्याच अंगठ्याने ती खाली आली. विश्रांती घ्या. पाणी प्या. बाळ झोपलं की झोपा. चित्र आलं, मग पांढरं, आणि तिचा अंगठा, जो ते पान घडवणारा अंगठा होता, जो त्याच्या खाली काय आहे ते अक्षरन् अक्षर जाणत होता, तोही तिथे थांबला. थांबावंसंच वाटत होतं. इतकं छान संपलं होतं. तिला त्या निळ्या चादरीची भीती वाटली. चित्रातली आई झोपली आहे हे तिला आजवर कोणत्या खुणेवरून वाटत होतं, ते तिला आठवेना. डोळे मिटले होते, एवढंच तर काढलं होतं चित्रात.

फोन थरथरला तेव्हा तिच्या मुठीतली गोळी कागदातच विरघळून चिकट झाली होती. मिस ओफीलियांचा आवाज आता गोड नव्हता, नुसता दमलेला होता. फोन मावशीने उचलला. ती उठवायला तयार होईना, म्हणाली, किती दिवसांनी डोळा लागलाय पोरीचा, आता देवाच्या दयेने निजू दे. "मी म्हटलं, बाई, मलाही देवाची भीती आहे, म्हणूनच सांगते, उठव." मावशीने दोन शिव्या दिल्या आणि उठवलं. पोर उठली ती भिंतीला धरून. दिवा लावू नका म्हणाली, डोळ्यांपुढे सगळं चमचमतंय. मावशीचा मुलगा गाडी काढतोय. "फोन ठेवला तेव्हा दाराबाहेर पडत होते," मिस ओफीलिया म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आता यापुढे मला विचारू नकोस. मला कळलं तर मी सांगणार नाही, आणि मलाही कुणी सांगायचं नाही. तसंच ठरलंय आपलं."

आर्नेटाने कधी विचारलं नाही. ते पान तिने दुसऱ्या दिवशी मोडलं. डॉक्टर सोवांदेंना स्वतः फोन करून त्या शांत करणाऱ्या ओळींच्याही आधी त्यांची वाक्यं घेतली, डोकं, ठिणग्या, सूज, आणि लगेच निघा. खाली चित्र ठेवलं तेही अर्धंच कापलं, म्हणजे त्याच्यामागून पुढच्या मजकुराचं डोकं वर आलेलं दिसेल आणि अंगठ्याला कळेल की अजून आहे. डॉक्टरबाईंनी भीत भीत विचारलं की लाल चालेल का. चालेल म्हणाली. पुढच्या चाचणीत वाचणाऱ्या बाईला कॉर्बिनने विचारलं कसं वाटलं, तेव्हा ती म्हणाली, पोटात गोळा आला, आधी आईला फोन करते. आर्नेटाने ते लिहून घेतलं. त्या दिवशी कोपऱ्यातल्या चौकटीवर कागद नव्हता, आणि त्या बाईचा चेहरा बघताना तिला काम करणं फार जड गेलं. अजून जड जातं. तिची झोप पहिल्यासारखी राहिलेली नाही. रस्त्यात, भाजीच्या रांगेत, बाळ कडेवर असलेली तरुण पोरगी दिसली की ती आधी तिचे हात बघते.

बुधवारी शेवटी एल्डर विचारतात, कुणासाठी प्रार्थना करायची आहे, नावं सांगा. लोक उभे राहून नावं सांगतात, भाऊ तुरुंगात, नातू परीक्षेत, बहीण ऑपरेशनला. आर्नेटाही उभी राहते. नाव तिच्याकडे नाही, म्हणून ती नुसता डावा हात वर धरते आणि उजव्या हाताने करंगळीला धरून राहते, आणि बसते. नवख्यांना कळत नाही. ब्रदर लेमुएलला कळतं. तो तेवढा वेळ खालचा सूर सोडत नाही.

तुम्ही आता घरी जाल. निजण्याआधी देवाशी दोन शब्द बोलता ना, तेव्हा ज्यांची नावं घ्यायची ती घेऊन झाल्यावर लगेच उठू नका. थोडं थांबा, आणि पोवळ्याच्या रंगाची नखं असलेल्या त्या पोरीची आठवण ठेवा, जिने करंगळीत अंगठी घातली होती आणि जिने आमचं ऐकलं होतं. नाव त्याला ठाऊक आहे.